भ्रूणाची जनुकीय तपासणी: गोव्यातल्या जोडप्यांनी सुरुवात कुठून करायची

घरात एक मूल थॅलेसेमिया मेजरचं आहे, दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला न्यावं लागतं, आणि आता दुसऱ्या बाळाचा विचार मनात आहे. दुसऱ्या एका घरात दिवस राहतात, पण टिकत नाहीत. तिसऱ्या जोडप्याचं आयव्हीएफ सुरू आहे, बाईचं वय अडतीस आहे आणि डॉक्टरांनी सुचवलंय, ‘भ्रूण तपासून घेऊया.’ तिघांच्याही फाइलवर एकच अक्षरं पडतात: पीजीटी, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी केलेली त्याची जनुकीय तपासणी. प्रत्यक्षात तिघांच्या तपासण्या वेगळ्या आहेत आणि त्यातून होणारा फायदाही सारखा नाही. पहिल्या जोडप्याला मी सांगेन की हा मार्ग कष्टाचा आहे, पण तुमच्यासाठीच आहे. दुसऱ्याला सांगेन, आधी दोघांच्या रक्ताची एक तपासणी करा. तिसऱ्याला सांगेन, सही करण्याआधी थोडं थांबा. असं का, ते पायरीपायरीने लिहितो.

आधी प्रक्रिया थोडक्यात. आयव्हीएफमध्ये प्रयोगशाळेत तयार झालेलं भ्रूण पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट अवस्थेत येतं. तेव्हा त्यात शंभर-एक पेशी असतात. आतल्या पेशींच्या गोळ्यापासून बाळ बनतं आणि बाहेरच्या थरापासून वार. या बाहेरच्या थरातल्या पाच ते दहा पेशी काढून तपासायला पाठवतात आणि भ्रूण गोठवून ठेवतात. ही तपासणी काही कालची नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या अशा तपासणीनंतरच्या पहिल्या गर्भधारणांची माहिती १९९० साली प्रसिद्ध झाली, आणि त्यासुद्धा मुलग्यांना होणाऱ्या आनुवंशिक आजारांच्या घराण्यांतल्या.

तपासणीचे प्रकार तीन. ठरावीक एका जनुकातला दोष शोधायचा असेल तर पीजीटी-एम; थॅलेसेमिया, सिकलसेल, एसएमए (मज्जारज्जूतल्या चेतापेशींच्या बिघाडाने स्नायू दुबळे होणं), डुशेन स्नायुदौर्बल्य हे सगळे यात येतात. आई किंवा वडिलांच्या गुणसूत्रांचे तुकडे जागा बदलून बसलेले असतील तर पीजीटी-एसआर. आणि भ्रूणात गुणसूत्रांची संख्या कमी-जास्त आहे का, एवढंच बघणारी पीजीटी-ए. तुम्हाला कोणती सुचवली आहे हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. ‘जेनेटिक टेस्ट’ एवढ्या शब्दांवर समाधान मानू नका.

पहिली पायरी: आजाराचं नेमकं नाव

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं माझं ठाम मत आहे. प्रयोगशाळेला ‘आमच्या घराण्यात रक्ताचा आजार आहे’ हे कळून काही उपयोग नसतो. तिला कोणत्या जनुकात, कोणत्या जागी, कोणता बदल आहे हे अक्षरश: हवं असतं.

थॅलेसेमियाचं उदाहरण घेऊ. नवरा-बायको दोघांच्या रक्ताची एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी करायची. हिमोग्लोबिन ए-२ साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर ती व्यक्ती बीटा थॅलेसेमियाची वाहक (जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीत दोष असलेली, स्वत: आजारी नसलेली) असण्याची दाट शक्यता असते. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा खाली येऊ शकतो, म्हणून सीमेवरचा आकडा आला तर लोहाची तपासणी जोडून घ्या. एकच जोडीदार वाहक असेल तर बाळाला मेजर होत नाही आणि या तपासणीची गरजच उरत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मेजरची शक्यता २५ टक्के, वाहक बाळाची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त बाळाची २५ टक्के. मग दोघांच्या एचबीबी या हिमोग्लोबिनशी संबंधित जनुकाची तपासणी करून नेमका बदल शोधायचा.

आपल्याकडे अडचण येते ती घरातल्या गप्प बसण्याची. ‘दोन मुलगे लहानपणीच गेले’, ‘चालता चालता पडायला लागला आणि मग अंथरुणालाच खिळला’, ‘बाळाची मान कधी धरलीच नाही’ अशा गोष्टी आजीला, आत्याला, मोठ्या काकूला ठाऊक असतात, पण सुनेसमोर कुणी काढत नाही. त्या काढाव्या लागतात. दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांचा वंशवृक्ष कागदावर मांडा: कोण कोणत्या वयात गेलं, कशाने गेलं, कुणाचे गर्भपात झाले, लग्न नात्यात झालं होतं का. गोव्यात एक सोय चांगली आहे. पोर्तुगीज काळापासून जन्म-मृत्यूच्या नोंदी होत आल्या आहेत, आणि मूळ गाव, देवळाचे महाजन यांवरून चुलत घराण्यांचा माग काढता येतो. फोंड्याची एक शाखा, मुंबईची दुसरी, बेळगावची तिसरी असं असेल तर तिथेही फोन करा. पिढ्यान् पिढ्या त्याच समाजात, ठरावीक घराण्यांत लग्नं झाली असतील तर नात्यातलं लग्न नसूनही दोघांकडे एकच बदल असू शकतो. यात कुणाची अब्रू जात नाही. वाहक असणं हा आजार नव्हे. प्रत्येक माणूस कशाचा ना कशाचा वाहक असतोच.

आता एक विनंती, आणि ती अगदी मनापासून. घरात आजारी मूल असेल आणि त्याची प्रकृती नाजूक असेल, तर त्याचं थोडं रक्त डीएनएसाठी जपून ठेवायला डॉक्टरांना आजच सांगा. बाळ गेल्यानंतर निदान करणं फार अवघड होतं आणि पुढच्या भावंडासाठीचा पुरावाच हातात राहत नाही. त्या अवस्थेत आईबापांना हे सुचणं शक्य नसतं. म्हणून काका, मामा, आत्या, जो कोणी रुग्णालयात सोबत असेल त्याने हे विचारावं.

जनुकीय अहवाल हातात आला की त्यात बदलाचं वर्गीकरण बघा. ‘रोगकारक’ किंवा ‘बहुधा रोगकारक’ असेल तर पुढे जाता येतं. ‘अनिश्चित अर्थाचा बदल’ असं लिहिलं असेल तर त्याच्या आधारावर भ्रूण निवडायचे नसतात. तो आजाराला कारणीभूत आहे हेच सिद्ध झालेलं नसतं. आधी आईवडिलांची, भावंडांची तपासणी करून त्याचा अर्थ लागतो का ते बघावं लागतं.

वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यासाठी ही पायरी वेगळी आहे आणि सोपीही. दोघांच्या रक्ताची कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची संख्या आणि रचना बघणारी तपासणी करा. अशा शंभर जोडप्यांतल्या दोन ते पाच जोडप्यांत एका जोडीदाराच्या गुणसूत्रांचे तुकडे जागा बदललेले सापडतात. त्या माणसाला स्वत:ला काही त्रास नसतो, पण भ्रूणात जाताना हिशेब बिघडतो. तसं सापडलं तर पीजीटी-एसआरला अर्थ आहे. नाही सापडलं तर थायरॉइड, मधुमेह, गर्भाशयाचा आकार, रक्त गोठण्याचे दोष हे आधी तपासायचं.

दुसरी पायरी: दुसरे मार्ग ऐकून घ्या

जनुकीय समुपदेशकाला भेटल्याशिवाय पुढे जाऊ नका. चांगला समुपदेशक तुम्हाला आयव्हीएफशिवायचे मार्गही सांगेल. दिवस राहायला काही अडचण नसेल तर नैसर्गिक गर्भधारणा होऊ द्यायची आणि ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन बाळाची तपासणी करायची, हा मार्ग थॅलेसेमियाच्या घरांसाठी वर्षानुवर्षं वापरात आहे. खर्च खूप कमी, हार्मोनची इंजेक्शनं नाहीत. पण २५ टक्के वेळा उत्तर वाईट येतं आणि मग गर्भपाताचा निर्णय समोर उभा राहतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने गर्भात गंभीर व्यंग असेल आणि वैद्यकीय मंडळाने तसं निदान केलं असेल तर आठवड्यांची मर्यादा नाही. कायदा वाट देतो, मनाचं काय ते ज्याचं त्याला ठरवावं लागतं. एकदा त्यातून गेलेली बाई ‘पुन्हा नाही’ म्हणत असेल, किंवा धर्मश्रद्धेमुळे गर्भपात घरात मान्यच नसेल, तर भ्रूण-तपासणीचा मार्ग तिच्यासाठी खरोखर मोलाचा आहे. आयव्हीएफ तसंही करावंच लागणार असेल तर ही तपासणी जोडून घेणं सोपं जातं.

तिसरी पायरी: कायदा

सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा २०२१ चा, जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार भ्रूणाची तपासणी फक्त माहीत असलेल्या, आनुवंशिक किंवा जनुकीय आजारांसाठीच करता येते. उपचारासाठी बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ या मर्यादेत हवं. डोळ्यांचा रंग, उंची, बुद्धी यांसाठी भ्रूण निवडून देतो असं कुणी म्हणत असेल तर तिथून उठून या.

मुलगा की मुलगी हे विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. १९९४ चा गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा गर्भधारणेपूर्वीच्या निवडीलाही लागू आहे. अहवालात लिंग येत नाही. अपवाद एकच: डुशेनसारखा लिंगाशी जोडलेला आजार असेल तर त्याच्या निदानापुरती मुभा आहे. ‘दुबईत सांगतात, बँकॉकला सांगतात’ अशा गोष्टी तुमच्या कानावर येतील. आजारी मुलासाठी या तपासणीची गरज असलेल्या आईबापांना जो संशय सोसावा लागतो, तो अशाच व्यवहारांमुळे. मला याचा मनापासून राग येतो.

चौथी पायरी: केंद्र

कायद्याने आयव्हीएफ करणारं केंद्र ‘लेव्हल २’ म्हणून नोंदलेलं असावं लागतं, आणि भ्रूणाची जनुकीय तपासणी करायची तर गर्भलिंग निदानविषयक कायद्याखालची नोंदणीही हवी. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असतं, बघून घ्या. गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ साली सरकारी आयव्हीएफ केंद्र सुरू झालं, तेही मोफत उपचारांसाठी. ज्यांना लाखांचा खर्च झेपत नाही त्यांनी पहिली चौकशी तिथे करावी आणि विचारावं की तुमच्या आजारासाठी पेशी काढण्याची आणि बाहेरच्या प्रयोगशाळेची व्यवस्था कशी होते. पणजी, मडगाव, म्हापसा परिसरातल्या खाजगी केंद्रांत किंवा बेळगाव, मुंबई, बेंगळुरूला जायचं असेल तर पुढचे प्रश्न वहीत लिहून न्या.

भ्रूणातून पेशी काढणारे भ्रूणतज्ज्ञ तुमचेच, की त्या दिवशी बाहेरून येणार? वर्षभरात अशा किती तपासण्या होतात? गोठवून पुन्हा वितळवल्यावर किती भ्रूण टिकतात? अहवालच न येणाऱ्या भ्रूणांचं प्रमाण किती, आणि तसं झालं तर पुन्हा पैसे लागतात का? ब्लास्टोसिस्टपर्यंत एकही भ्रूण पोचलं नाही तर तपासणीचे पैसे परत मिळतात का? यशाची टक्केवारी सांगताना ती गर्भधारणेची आहे की घरी आलेल्या बाळाची? उपचारांचे परिणाम आणि त्या केंद्रातली यशाची शक्यता समजावून सांगणं कायद्याने केंद्राचं कर्तव्य आहे, आणि तक्रार निवारण कक्षही त्यांच्याकडे असावाच लागतो. तेव्हा संकोच नको.

संमतीपत्रं बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतात. मराठीत किंवा कोंकणीत समजावून मागा, घरी नेऊन वाचा, एक प्रत स्वत:जवळ ठेवा. भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत संमती मागे घेता येते, हेही लक्षात असू द्या.

पाचवी पायरी: पूर्वतयारी

पीजीटी-एमसाठी इंजेक्शनं सुरू करण्याआधी प्रयोगशाळा तुमच्या कुटुंबापुरती तपासणी तयार करते. त्यासाठी दोघांचं रक्त आणि आजारी मुलाचं किंवा आजी-आजोबांचं रक्त लागतं. कारण असं: पाच-दहा पेशींतला डीएनए अतिशय थोडा असतो, तो आधी कित्येक पटींनी वाढवावा लागतो, आणि वाढवताना दोन प्रतींपैकी एक प्रत गळू शकते. तसं झालं तर आजारी भ्रूण निरोगी दिसू शकतं. म्हणून फक्त दोष न बघता त्याच्या आजूबाजूच्या खुणाही बघतात, आणि त्या खुणा कुणाकडून आल्या हे ठरवायला कुटुंबातल्यांचं रक्त लागतं. याला साधारण महिना-दोन महिने जातात. या तयारीचा ‘झाली’ असा लेखी निरोप आल्याशिवाय इंजेक्शन सुरू करू नका. घाई करणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा.

सहावी पायरी: प्रत्यक्ष चक्र

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दहा-बारा दिवस इंजेक्शनं, मध्ये दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. काणकोण, सांगे किंवा वाळपईहून रोज येणं-जाणं करण्यापेक्षा शेवटचा आठवडा केंद्राजवळ नातेवाइकांकडे राहणं बरं. काही इंजेक्शनं थंड ठेवावी लागतात. प्रवासात बर्फाची पिशवी हवी, आणि पावसाळ्यात वीज तासन् तास जाते तिथे कुणाच्या फ्रिजला इन्व्हर्टर आहे हे आधी बघून ठेवा. शेवटचं इंजेक्शन दिल्यानंतर ३५-३६ तासांनी भूल देऊन स्त्रीबीजं काढतात. त्या इंजेक्शनची वेळ एक तासही चुकवायची नाही. नंतर पोट फुगणं, धाप लागणं, लघवी कमी होणं असं काही जाणवलं तर सकाळची वाट न बघता फोन करा.

नवरा तारवटी (जहाजावर नोकरीला) असेल, आखातात असेल किंवा सहा-सहा महिने घरी नसेल, तर त्याचा वीर्याचा नमुना जाण्याआधी गोठवून ठेवता येतो. पूर्वतयारीसाठीचं रक्त आणि संमतीपत्रांवरच्या सह्या याच सुट्टीत उरकून घ्या. गोव्यातल्या कितीतरी घरांत वेळापत्रक बिघडतं ते याच कारणाने. या तपासणीत सहसा इक्सी करतात, म्हणजे एका बीजात एकच शुक्राणू सोडतात. बाहेर चिकटून राहिलेल्या जास्तीच्या शुक्राणूंचा डीएनए तपासणीत मिसळू नये, हे त्यामागचं कारण.

पेशी तपासायला जातात तेव्हा भ्रूण कुठेही जात नाही. ते तुमच्या केंद्रात द्रवरूप नायट्रोजनमध्ये असतं. विमानाने जातात त्या फक्त नळीतल्या पेशी. प्रत्येक नळीवरचा क्रमांक आणि भ्रूणाचा क्रमांक दोन माणसांनी पडताळला का, हे विचारायला लाजू नका.

आता आकड्यांची तयारी मनाने आधीच करा, कारण इथेच जोडपी खचतात. समजा बारा बीजं निघाली. त्यातली नऊ-दहा परिपक्व, सातेक फलित, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत तीन-चार पोचली. थॅलेसेमियाच्या हिशेबाने त्यातली चौथाई आजारी. म्हणजे हातात दोन-तीन उरतात, आणि त्यातलंही प्रत्येक रुजेलच असं नाही. चाळणीवर चाळणी आहे ही. बाईचं वय जास्त असेल तर सुरुवातीचा आकडाच लहान असतो. एका चक्रात एकही योग्य भ्रूण मिळालं नाही, असं घडतं. त्यात बाईचा दोष नसतो. सासरी हे आधीच सांगून ठेवणारं एखादं माणूस हवं, आणि तो नवराच असावा.

सातवी पायरी: अहवाल

अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागतात. पीजीटी-एमच्या अहवालात भ्रूणं मुक्त, वाहक आणि बाधित अशी विभागलेली असतात. थॅलेसेमियासारख्या आजारात वाहक भ्रूण वापरायला काहीच हरकत नाही. ते मूल तुमच्यासारखंच निरोगी राहील. ‘फक्त पूर्ण मुक्तच हवं’ या हट्टापायी चांगली भ्रूणं बाजूला ठेवू नका. ‘निष्कर्ष नाही’ म्हणजे आजारी नव्हे, पुन्हा पेशी काढता येतात. ‘मोझॅइक’ म्हणजे काढलेल्या पेशींत काही ठीक आणि काही बिघडलेल्या असं चित्र. अशा भ्रूणांतूनही निरोगी बाळं झाली आहेत, म्हणून ती लगेच टाकून द्यायला सांगू नका, समुपदेशकाशी बोला.

पीजीटी-ए: थांबा म्हणालो ते का

वय वाढतं तशी गुणसूत्रांची गडबड असलेली भ्रूणं वाढतात. पस्तिशीच्या आत साधारण तिसरा हिस्सा, चाळिशीनंतर निम्म्याहून बरीच जास्त. म्हणून तपासून चांगलं निवडावं हा विचार पटतो. पण तपासणी भ्रूण सुधारत नाही, फक्त क्रम लावते. चीनमध्ये २० ते ३७ वयाच्या १,२१२ स्त्रियांवर झालेला मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासणी केलेल्यांत ७७.२ टक्के आणि न केलेल्यांत ८१.८ टक्के स्त्रियांना बाळ झालं. गर्भपात मात्र तपासणीच्या गटात थोडे कमी होते. त्यामुळे तरुण वयात, पहिल्याच आयव्हीएफला सरसकट ही तपासणी घेण्यात मला अर्थ दिसत नाही. वय अडतीस-चाळीस, चार-पाच भ्रूणं हातात, आणि आणखी एक गर्भपात सोसायची ताकद नाही, अशा ठिकाणी विचार जरूर करा. पण एक-दोनच भ्रूणं असतील तर तपासण्यापेक्षा ती थेट सोडणं हा पर्याय डॉक्टरांसमोर ठेवा. खर्च दर भ्रूणामागे आकारतात, म्हणून पेशी काढणं, तपासणी, गोठवणं, वार्षिक साठवण आणि नंतर भ्रूण सोडणं हे पाच आकडे वेगवेगळे लिहून मागा. ‘पॅकेज’ या एका शब्दात ते दडतात.

आठवी पायरी: भ्रूण सोडणं आणि त्यानंतर

गोठवलेलं भ्रूण पुढच्या एखाद्या पाळीत, गर्भाशयाचं अस्तर तयार करून सोडतात. यात घाई नसते. चतुर्थीला घरी पंचवीस माणसं असतील तर एक महिना पुढे ढकला. भ्रूणाचं त्यात काही बिघडत नाही. सहसा एकच भ्रूण सोडावं. जुळ्यांत आई आणि बाळं दोघांचाही धोका वाढतो.

दिवस राहिले की ‘तपासलेलंच आहे’ म्हणून पुढच्या तपासण्या सोडू नका. पीजीटी-एममध्ये चूक क्वचित होते, पण होते. म्हणून वारेचा नमुना किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल तपासून खात्री करावी असा सल्ला देतात. त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो. तो घ्यायचा की नाही हे दोघांनी समुपदेशकासमोर बसून ठरवा. नको वाटलं तर निदान जन्मावेळी नाळेच्या रक्तातून डीएनए तपासणी करून घ्या. नेहमीच्या सोनोग्राफी मात्र सगळ्या करायच्या. हृदयातला दोष किंवा फाटलेला ओठ भ्रूणाच्या या तपासणीत दिसत नाही.

उरलेली भ्रूणं कायद्याने दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. दुसऱ्या बाळासाठी ठेवायची, की पुढे नको, हे दरवर्षी साठवणीचं बिल भरताना दोघांनी बोलून घ्या. निर्णय बदलला किंवा पत्ता-फोन बदलला तर केंद्राला लेखी कळवा, आणि त्या पत्राची पोच आजारी मुलाच्या जनुकीय अहवालासोबत एकाच फाइलमध्ये ठेवा. पुढे भावंडांच्या, चुलत भावंडांच्या लग्नाच्या वेळी तीच फाइल त्यांनाही दाखवा.